संगणकाची नवी कार्यप्रणाली आणि आपले देवनागरी अक्षर

एका शिक्षकाने आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांची यादी संगणकावर मोठ्या कष्टाने तयार केली, असे समजू या. यादी स्वच्छ मराठीत आहे. ती तालुक्याच्या कार्यालयाकडे पाठविली जाते. तेथील कर्मचारी फाईल उघडतो, तो पडद्यावर एकाही मुलाचे नाव नाही. इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि तारका यांची अर्थहीन सरमिसळ तेवढी दिसते. यंत्र बिघडलेले नाही, फाईल खराब झालेली नाही आणि शिक्षकाच्या हातून चूकही घडलेली नाही. तरीही सारी यादी पुन्हा टंकित करावी लागते. पुन्हा टंकित करताना एखाद्या मुलाचे आडनाव बदलते, एखाद्याची जन्मतारीख चुकते आणि ती चूक पुढे दाखल्यादाखल्यातून त्याच्या मागे लागते.

हा प्रसंग कल्पित असला, तरी संगणकाशी काम पडलेल्या बहुतेकांना तो ओळखीचा वाटेल. असे का घडत होते, संगणकाच्या कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्त्यांनी त्यावर कोणता उपाय आणला आणि तो उपाय आपल्या कामी यावा यासाठी आपण काय केले पाहिजे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणक सुरू केल्यापासून बंद करीपर्यंत त्याचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे, फाईल कोठे ठेवावी, छपाईयंत्राकडे मजकूर कसा धाडावा, ही कामे तिच्याकडे असतात. पत्र लिहिण्याची किंवा हिशेब मांडण्याची आज्ञावली ही त्या घरातील भाडेकरू होय. घर, पाणी आणि वीज यांची व्यवस्था कार्यप्रणालीची. आपल्या कार्यालयांत व शाळांत मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली सर्वाधिक आढळते. लिनक्स या मुक्त प्रणालीचाही वापर होतो आणि तिच्याच आधारे सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली तयार केली आहे.

नवी आवृत्ती आली की तिचे रंग, चित्रे आणि खिडक्यांची नवी ठेवण यांचीच चर्चा अधिक होते. परंतु मराठी लिहिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोठी सुधारणा पडद्यावर चटकन दिसणारी नव्हती. देवनागरी अक्षर ओळखण्याची आणि जुळविण्याची जबाबदारी कार्यप्रणालीने स्वतःकडे घेतली, ही ती सुधारणा.

पूर्वीची व्यवस्था

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक द्यावा लागतो आणि यंत्राच्या पोटात तो क्रमांकच साठविला जातो. जुन्या पद्धतीत अशा क्रमांकांसाठी एकूण २५६ जागा असत. त्यांपैकी निम्म्या जागा इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे यांनी व्यापलेल्या होत्या.

भारतीय भाषांसाठी या दिशेने आपल्या देशात लवकर काम झाले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली सर्व भारतीय लिप्यांसाठी एकाच धर्तीचा ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक ठरविला. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतावली प्रमाण म्हणून जाहीर केली. तिच्यात अक्षराच्या आकाराला क्रमांक न देता वर्णाला क्रमांक दिलेला होता, हे तिचे वैशिष्ट्य.

परंतु बाजारात आणि कार्यालयांत जी सोय झपाट्याने पसरली, ती निराळी होती. अनेक व्यावसायिकांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट तयार केले. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच होते. केवळ अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढविलेला होता. प्रत्येक व्यावसायिकाने हे तुकडे आपापल्या सोयीने मांडले. एका फॉन्टमध्ये ज्या क्रमांकावर ‘क’ असे, त्याच क्रमांकावर दुसऱ्या फॉन्टमध्ये ‘ध’ किंवा एखादी काना-मात्रा असू शके. त्यामुळे ज्या यंत्रावर तोच फॉन्ट नसेल, तेथे मुखवटा गळून पडे आणि खालची इंग्रजी अक्षरे उघडी होत. आरंभीच्या उदाहरणातील यादीचे रहस्य हेच आहे.

नव्या आवृत्तीने काय बदलले?

जगातील सर्व लिप्यांना एकाच सूचीत स्थान देणारी ‘युनिकोड’ ही संकेतावली १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक सलग विभाग असून त्याची मांडणी इस्कीच्या आधारे केलेली आहे. या सूचीत ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे. तो गोव्यात, इंदुरात आणि जपानातही २३२५ च राहतो. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलते. अक्षर बदलत नाही.

परंतु सूची कागदावर असून भागत नाही. कार्यप्रणालीला ती समजली पाहिजे. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० या आवृत्तीत देवनागरी व तमिळ या लिप्यांची सोय प्रथमच प्रणालीच्या अंगी आली. मराठी, हिंदी, संस्कृत आणि कोकणी या भाषांची नोंद तिच्या भाषासूचीत होती आणि ‘मंगल’ नावाचा देवनागरी फॉन्ट तिच्यासोबत मिळत असे. तथापि ही आवृत्ती मुख्यतः कार्यालयांसाठी होती. घरोघरी आणि शाळांतून विंडोज ९८ किंवा तिच्या पुढची मिलेनियम आवृत्ती चाले आणि त्या दोहोंचा पाया युनिकोडवर उभारलेला नव्हता.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी ही आवृत्ती विक्रीस आली आणि घरगुती व कार्यालयीन या दोन शाखा एका पायावर आल्या. विंडोज २००० चा युनिकोडचा पाया शाळेतल्या आणि घरातल्या संगणकापर्यंत पोहोचला, तो या आवृत्तीमुळे. याच आवृत्तीत कन्नड, गुजराती, तेलुगू आणि गुरुमुखी या लिप्यांचीही भर पडली.

अक्षर कसे जुळते?

ज्यांनी जुना छापखाना पाहिला असेल, त्यांना खिळे जुळविणारा जुळारी आठवेल. ‘स्थिती’ हा शब्द जुळविताना तो आधी ऱ्हस्व वेलांटीचा खिळा लावी, मग ‘स्’, मग ‘थ’. कागदावर दिसणारा क्रम हाच त्याचा क्रम. जुने फॉन्ट याच रीतीने चालत. टंकलेखक आधी वेलांटी टंकित करी आणि संगणकही ती तशीच आधी साठवी.

आपण बोलतो मात्र निराळ्या क्रमाने. युनिकोडमध्ये ‘स्थिती’ हा शब्द उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो: स, पाय मोडल्याची खूण, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी, असे सहा क्रमांक. पडद्यावर दाखविताना वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या डाव्या अंगास नेण्याचे काम प्रणालीतील अक्षरजुळणीचा विभाग करतो. ‘मूर्ती’ या शब्दात ‘र’ साठविला जातो ‘त’ च्या आधी, परंतु त्याचा रफार चढतो ‘ती’ च्या माथ्यावर. हेही काम तोच विभाग करतो. थोडक्यात, जुळारी आता प्रणालीच्या आतच बसलेला आहे.

मराठीची एक खास गरज येथे लक्षात घेतली पाहिजे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना बोलवा’ असे लिहिले तर विद्वान येतील आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ असे लिहिले तर स्वयंपाकी येतील. कागदावर रफार आणि ‘य’ ला डावीकडून चिकटणारी लहान खूण एवढाच हा भेद आहे. युनिकोडमध्ये पहिल्या शब्दात ‘र’ म्हणजे २३५२ हा क्रमांक येतो, तर दुसऱ्यात ‘ऱ’ म्हणजे २३५३. एका क्रमांकाच्या फरकाने अर्थ राखला जातो.

या पद्धतीचा खरा लाभ शोध घेताना दिसतो. मजकूर वर्णांच्या रूपाने साठविला असल्यामुळे हजारो नावांच्या यादीतून ‘वाळपई’ किंवा ‘साखळी’ येथील रहिवासी क्षणात वेगळे काढता येतात. यादी वर्णानुक्रमे लावणेही शक्य होते. त्यासाठी मात्र नुसते क्रमांक पुरत नाहीत. युनिकोडच्या सूचीत ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे बसतो, तर शाळेत आपण तो ‘ह’ च्या नंतर शिकतो. म्हणून क्रम लावण्यापूर्वी मजकुराची भाषा कोणती हे प्रणालीला सांगावे लागते आणि तयार झालेली यादी एकदा डोळ्यांखालून घालावी लागते.

दोन लिप्यांचे एक पान

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी भाषकांना या सुधारणेचे महत्त्व अधिक आहे. कारण त्यांचा व्यवहार क्वचितच एका भाषेत होतो. बेळगावकडे मराठीच्या शेजारी कन्नड, बडोद्यास गुजराती, हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू, गोव्यात कोकणी आणि इंग्रजी. जुन्या फॉन्टच्या काळात एका परिपत्रकात दोन भाषा आणावयाच्या म्हणजे दोन मुखवटे एकमेकांत न मिसळता सांभाळण्याची कसरत होती. मजकूर एका आज्ञावलीतून दुसरीत नेला की मुखवटे गळून पडत. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीचा विभाग स्वतंत्र असल्यामुळे एकाच ओळीत मराठी व कन्नड शब्द सुखाने नांदू शकतात.

इंदूर व ग्वाल्हेर येथे लिपी एकच, परंतु अडचण निराळी आहे. मराठीतील ‘होळकर’ हे नाव हिंदीत ‘होलकर’ असे लिहिले जाते. संगणकाच्या दृष्टीने ही दोन भिन्न नावे आहेत आणि एकाचा शोध घेतला असता दुसरे हाती लागेलच असे नाही. हा प्रणालीचा दोष नव्हे. तिने ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा भेद प्रामाणिकपणे पाळला आहे. अशा ठिकाणी नोंद करणाऱ्याने मूळ कागदपत्रातील नाव पाहून तसेच लिहावे आणि शोध घेणाऱ्याने दोन्ही रूपांनी शोधावे, हाच उपाय.

सुधारणा टप्प्याटप्प्याने

एवढी मोठी सोय होऊनही ती अनेक वर्षे पुष्कळांच्या हाती लागली नाही, याचे कारण साधे होते. विंडोज २००० व एक्सपी या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांची सोय आधीपासून चालू नसे. नियंत्रण पटलातील भाषाविषयक भागात जाऊन तेथे खूण करावी लागे आणि बहुधा मूळ तबकडीही घालावी लागे. ही गोष्ट ज्याला ठाऊक नव्हती, त्याच्या यंत्रावर मराठी असूनही नव्हती. जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी विक्रीस आलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून ही सोय मुळातच चालू राहू लागली.

संकेतावलीतही भर पडत गेली. ‘ॲड’ किंवा ‘ॲप’ यांतील आद्य स्वरास युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. भारत सरकारने २०१० साली रुपयाचे ₹ हे चिन्ह स्वीकारले आणि त्याच वर्षी त्याचा युनिकोडमध्ये समावेश झाला. जी प्रणाली वा जो फॉन्ट या नोंदींपूर्वीचा आहे आणि पुढे सुधारलेला नाही, त्यात त्या जागी रिकामी चौकट दिसते. नव्या मजकुरात एखादे अक्षर चौकटीसारखे दिसले, तर मजकूर चुकीचा आहे असे समजू नये. आपली प्रणाली मागे राहिली आहे का, हे आधी पाहावे.

विंडोज ७ मध्ये ‘कोकिला’, ‘अपराजिता’ व ‘उत्साह’ हे फॉन्ट आले. विंडोज ८ पासून अनेक भारतीय लिप्यांना मिळून एकच ‘निर्मला’ फॉन्ट आला. विंडोज १० मध्ये ‘मंगल’ हा जुना सोबती पूरक फॉन्टांत गेला. ज्यास हवा असेल त्याने तो वेगळा घ्यावा लागतो. तरी मंगलमध्ये लिहिलेले जुने पत्र निर्मलात निर्वेध वाचता येते, कारण आतील क्रमांक तेच आहेत. मे २०१९ च्या सुधारणेत विंडोज १० मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांचे उच्चारानुसारी कळफलक आले. त्यामुळे रोमन अक्षरांवर बोटे बसलेल्या व्यक्तीसही देवनागरीत लिहिणे शक्य झाले. तथापि रोजचे काम करणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकून घेणे हितावह. कारण ते एकदा हाताला बसले की तीच रचना कन्नड, गुजराती वा तेलुगू लिहितानाही उपयोगी पडते.

आवृत्ती बदलताना घ्यावयाची काळजी

प्रत्येक आवृत्तीला आयुष्याची मर्यादा असते. ती संपली की सुरक्षेच्या नित्य सुधारणा बंद होतात. विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ ही आवृत्ती पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालत नाही, कारण तिला ठराविक सुरक्षा-घटक आणि अलीकडचे प्रक्रियक लागतात. म्हणून अनेक ठिकाणी प्रणालीबरोबर यंत्रही बदलावे लागते.

धोका नेमका येथेच आहे. यंत्र बदलते, तेव्हा जुने फॉन्ट व ते चालविणारी जुनी आज्ञावली मागे राहते. फाईली नव्या यंत्रावर नेल्या जातात, पण त्यांचा मुखवटा जुन्या यंत्राबरोबर भंगारात जातो. वीस वर्षांपूर्वीची मालमत्तेची नोंद, शाळेचे जनरल रजिस्टर, ग्रामसभेचे ठराव जपून ठेवूनही वाचता येईनासे होतात. नवी प्रणाली जुन्या फॉन्टमधील मजकूर आपोआप युनिकोडमध्ये बदलून देत नाही, हे प्रत्येक कार्यालयाने ध्यानात ठेवले पाहिजे. यासाठी पुढील क्रम पाळावा :

१. जुने यंत्र चालू आहे तोवर त्यातील मराठी फाईली कोणकोणत्या फॉन्टमध्ये आहेत, याची यादी करावी.

२. मूळ फाईलची प्रत आणि तिचे जसेच्या तसे छापील वा पीडीएफ रूप राखून ठेवावे. मूळ फाईल कधीही पुसू नये.

३. त्या त्या फॉन्टसाठी असलेल्या रूपांतर-आज्ञावलीने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. एका फॉन्टची आज्ञावली दुसऱ्यास चालत नाही.

४. रूपांतरित मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहावा. जोडाक्षरे, रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द, अंक व तारखा यांकडे विशेष लक्ष द्यावे. एकाने वाचावे व दुसऱ्याने पाहावे, ही जुनी मुद्रितशोधनाची रीतच येथे उत्तम.

५. हे सर्व झाल्यावरच जुने यंत्र मोडीत काढावे.

स्वाध्याय

आपल्या यंत्रावरील मराठी युनिकोडमध्ये आहे की नाही, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी असे तपासावे. ‘स्थिती, मूर्ती, दर्या, दऱ्या, बेळगाव, ज्ञान, ॲप’ हे सात शब्द एका फाईलमध्ये लिहावेत. मग फॉन्टचे नाव बदलून एखादा इंग्रजी फॉन्ट निवडावा. शब्द मराठीतच राहिले, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरे उघडी पडली, तर नाही. त्यानंतर शोधाच्या चौकटीत ‘दऱ्या’ असे लिहून केवळ तोच शब्द सापडतो की ‘दर्या’ ही सापडतो, ते पाहावे. शेवटी तीच फाईल दुसऱ्या यंत्रावर आणि एखाद्या मोबाईलवर उघडून सातही शब्द तसेच दिसतात का, याची नोंद करावी.

ग्रामस्थांनीही कार्यालयातून मिळणारा उतारा वा दाखला घेताना आपले नाव, गावाचे नाव आणि आडनाव यांतील ‘ळ’, रफार व वेलांटी नीट वाचून घ्यावी. चूक असल्यास तेथल्या तेथे दाखवून द्यावी. दुरुस्ती एका अक्षराची असते. राहून गेली तर तिच्यासाठी पुढे प्रतिज्ञापत्र करण्याची वेळ येते.

कार्यप्रणालीच्या आवृत्त्या येत राहतील आणि जातील. त्यांच्या नावांचे वा रंगांचे आपणांस फारसे प्रयोजन नाही. आज लिहिलेले नाव पुढील यंत्रावर, पुढील पिढीला, त्याच अक्षरांत वाचता आले पाहिजे, ही आपली अपेक्षा आहे. प्रणालीने आपल्या वाट्याचे काम केले आहे. जुन्या फाईली वेळेवर रूपांतरित करणे आणि नवी नोंद शुद्ध करणे, हे काम आपल्या वाट्याचे आहे.